फोटोसाठी दुसऱ्यांदा

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला शंभुलिंग मठपतीला स्वतः काढलेला फोटो एका अनोळखी बाईच्या भाकरीखाली दिसला. तुळजापूरच्या बसस्टँडसमोर एका बंद दुकानाच्या पायरीवर चार-पाच बायका न्याहारीला बसल्या होत्या. दर्शन उरकलेलं, कपाळं मळवटानं भरलेली. नेसणीवरून आणि शेंगाचटणीच्या वासावरून त्या सीमेपलीकडच्या, आळंद-अफजलपूरकडच्या, हे त्यानं चालता चालताच ओळखलं होतं. एकीनं कन्नड पेपर पसरून त्यावर कडक भाकरी मोडून ठेवली होती आणि भाकरीच्या कडेला बसची काच, खिडकीतून बाहेर आलेला खाकी खांदा, वळलेलं तोंड आणि त्या तोंडापासून वीतभर अंतरावर हवेतला डबा असं सगळं होतं. तो थांबला. बाईला वाटलं, हा भाकरीकडे बघतोय. तिनं मोठ्या मनानं एक तुकडा पुढे केला. तो नको म्हणाला आणि खाली वाकून उलटी अक्षरं वाचायला लागला. तुळजापुरात तीस गुंडांचा भाविकांच्या बसवर हल्ला. तीस. तिथं सात जण होते; त्याला स्वतःला धरलं तर आठ. बुधवारी त्याच्या पेपरात याच फोटोचा उजवा अर्धा भाग आला होता, झेंडा आणि रणधीरचा उगारलेला हात, आणि वर ठळक मथळा: शेकडो मराठी तरुणांचा उद्रेक, चालकाच्या शिवीगाळीनं ठिणगी. फोटो त्यानं वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि त्या एकाच फोटोचे दोन तुकडे करून दोघांनी वाटून घेतले होते. अख्खा फोटो कुणीच छापला नव्हता; तो त्याच्या मोबाइलमध्ये होता, आणि तो उघडून बघायचं त्यानं मंगळवारपासून टाळलं होतं.

मंगळवारी सकाळी रणधीरचा फोन आला होता. "अप्पा, साडेदहाला जमतंय का? तुम्ही आल्याबिगर डबा उघडत न्हाय." एका मराठी संघटनेचा हा तालुक्यातला पोरगेला अध्यक्ष तसा मनानं वाईट नव्हता, कुणाच्या अडीनडीला रक्त द्यायला पहिला उभा राहायचा. तिकडं सीमाभागात कुठल्याशा गावात मराठी पाटीला काळं फासलं होतं. त्याचं उत्तर म्हणून इकडं कर्नाटकच्या बसला काळं फासायचं ठरलं होतं. आंदोलनाची वेळ वार्ताहराला विचारून ठरवायची ही आपल्याकडची रीतच आहे, तिच्यात कुणाला वावगं वाटत नाही. पुतळा नीट पेटला नाही तर परत रॉकेल ओततात. भूमिपूजनाची कुदळ पुढारी फोटोग्राफरसाठी परत मारतो, फीत परत गाठ मारून परत कापतो. रास्ता रोकोत आधी पाच मिनिटं सगळे रस्त्याच्या कडेला चहा पीत उभे असतात आणि कॅमेरा आला की आडवे होतात. शंभुलिंगनं बावीस वर्षांत अशा किती दुसऱ्या वेळा घडवून आणल्या असतील याची मोजदाद नव्हती. "जरा परत घ्या हो" हे तो इतक्या सहज म्हणायचा, की बारशाला गेला आणि पाळण्यात पोर घालताना फोटो हुकला, तरी बायांना तेच सांगायचा, आणि बायाही हसून पोर परत उचलायच्या.

पण मंगळवारी पहिल्या वेळी फोटो हुकला तो त्याच्या हातून. बस अडवली, घोषणा झाल्या, रणधीरनं काळ्या ऑइलचा डबा पुढच्या काचेवर उपडा केला. शंभुलिंग मोबाइल डोळ्यांसमोर धरून तयार होता, आणि काचेमागं पहिल्या बाकावर एक म्हातारी त्याच्याकडेच बघत होती. इरकल नेसलेली, डोक्यावरून पदर, हातात नारळाची पिशवी. त्याच्या आईसारखी नव्हती, पण आईच्या मावशा-चुलत्यांत कुठंही खपून गेली असती. तो एक श्वासभर थांबला. तेवढ्यात ऑइल काचेवरून ओघळलं, म्हातारी त्याच्याआड गेली आणि सगळं संपलं. पोरं पांगायला लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खिडकीतून अर्धा बाहेर वाकून फडक्यानं काच पुसायला घेतली. तोही बिचारा सरावलेला असावा. रणधीर हात पुसत आला, मोबाइलमध्ये डोकावला आणि हसत म्हणाला, "हे काय ओ, अप्पा? नुसता धुरकट. मुद्दाम चुकवला का काय? गाववाल्यांची बस हाय म्हणून?" सगळे हसले. थट्टाच होती. शंभुलिंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "काय बी बोलू नको," तो म्हणाला, "एकदा परत मारा." डबा तर रिकामा झाला होता. रणधीरनं तो उलटा करून दाखवला, मग खांदे उडवले आणि अख्खा डबाच भिरकावला. या वेळी फोटो एकदम झकास आला.

गाववाले. हा शब्द त्याच्या अंगावर लहानपणापासून पडत आला होता. घरात आई उमादेवी कन्नड बोलायची, वडील दोन्ही बोलायचे, आणि तो शाळेच्या फाटकात शिरला की कन्नड बाहेर काढून ठेवायचा, देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी. एकदा चौथीत असताना तो डबा विसरला म्हणून आई शाळेत आली आणि खिडकीतून तिनं त्याला कन्नडमधून हाक मारली. वर्ग हसला. तो जागचा हलला नाही. गुरुजींनी विचारलं, कोण रे ही? त्यानं मान खाली घालून सांगितलं, कामवाली. आईला तेवढं मराठी समजत होतं. तिनं डबा खिडकीत ठेवला आणि ती गेली, आणि घरी त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही, आजतागायत नाही. पुढं पेपरात लागल्यावर कचेरीतले साहेब म्हणाले, मठपती, तुमचं नाव जरा जड आहे, शंभू लिहीत जा. तो शंभू लिहायला लागला. सीमाप्रश्नाच्या बातम्या आल्या की त्याच्या लेखणीला भलतीच धार चढायची. डेस्कला 'अन्याय' पुरला असता तिथं तो 'अत्याचार' लिहायचा, 'निषेध' पुरला असता तिथं 'संताप'. साहेब खूश व्हायचे. असं करून आपण मराठीवर प्रेम करतोय असं त्याला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. अभंग ऐकताना त्याचे डोळे भरून यायचे, स्वप्नं त्याला मराठीतच पडायची. पण प्रेम करणाऱ्या माणसाला दर वेळी साक्षीपुरावे कशाला द्यावे लागतात? ज्यांची आडनावं हलकी होती ते वार्ताहर साध्या शब्दांत लिहून घरी जेवायला जायचे. हाच एकटा दर बातमीत आपला दाखला जोडत बसायचा.

मंगळवारी दुपारी त्यानं बातमी पाठवली तेव्हा 'सात-आठ कार्यकर्ते' असंच लिहिलं होतं आणि 'चालक हणमंतप्पा यांच्या डोळ्याला इजा' असंही लिहिलं होतं. तासाभरात साहेबांचा फोन. चालक काही बोलला असेल की, उगाच कोण कुणाला मारतं? साहेब म्हणाले, आठवून बघा. "बोलला खरा काहीतरी," तो म्हणाला, "कन्नडमधून." काय बोलला? "गोंधळात कळलं नाही." कळलं होतं. शब्द न शब्द कळला होता. दुसऱ्यांदा हात उगारलेला बघून ड्रायव्हर मागं वळून त्या म्हातारीला सांगत होता: आजी, खाली बस, काच फुटेल. बुधवारी सकाळी पेपरात त्याची शिवीगाळ झाली होती. ती त्यानं लिहिली नव्हती. त्यानं नुसती मोकळी जागा दिली होती आणि मोकळ्या जागेत लोक काय भरतात हे बावीस वर्षांत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रात्री जेवताना बायकोनं मराठी च्यानल लावला होता, तिथं कपाळाला आठ्या घालून चौघं जण बाणा बाणा करत होते. आतल्या खोलीत आईचा कन्नड च्यानल चालू होता, खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून. तो औषध द्यायला आत गेला तेव्हा पडद्यावर त्याच्या फोटोतला डबा हवेत होता, लाल गोल काढलेला, पुन्हा पुन्हा. आईनं विचारलं, "हे आपल्या गावात झालं?" तो हो म्हणाला. "कुणी मारलं?" पोरांनी, तो म्हणाला. आईनं गोळी घेतली, पाणी प्याली, आणि रिमोट शोधून आवाज आणखी कमी केला. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पंचावन्न वर्षं या गावात काढलेली बाई स्वतःच्या घरात आवाज चोरून बातम्या ऐकत होती, आणि हे त्याला इतकं लागलं की तो तिथं उभा राहू शकला नाही.

पायरीवरच्या बायकांपासून तो निघाला आणि देवळाच्या वाटेला लागायच्या आत निखतचा फोन आला. निखत धाराशिवच्या कचेरीत बातम्या तपासायला डेस्कवर होती, पोरगी हुशार, तोंडानं फटकळ. "अप्पा, साहेब म्हणतेत तुम्ही उद्या इकडं दवाखान्यात या. तो ड्रायव्हर इथंच हाय. तुम्हाला त्यांची भाषा येती, तर शिवीचं कबूल करून घ्या म्हणतेत, फॉलोअप पाहिजे." मग जरा थांबून ती म्हणाली, "एक सांगू का? त्याच्या डेपोनं त्याच्यावरच चौकशी लावलीय. प्रवाशांच्या जिवाला धोका होईल असं वागला म्हणून. आपल्या बातमीचं कात्रण लावलंय फाइलीला. नोकरी जाती बघा त्याची." त्यानं विचारलं, त्यांचे पेपर त्याच्या बाजूनं आहेत ना? निखत हसली. "त्यांना डोळा पाहिजे होता, गावला. नोकरीचं कोण बघतंय?" फोन ठेवल्यावर तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. गर्दी त्याला वळसा घालून जात होती. शिवी दिली नाही असं सांगणारा बसमधला कुणी चालला नसता, ते सगळे त्याचेच लोक. रणधीरची पोरं सांगणार नव्हती. उरला कोण, तर शिवीगाळ छापणाऱ्या पेपराचा वार्ताहर. त्यानं लिहून दिलं तर ते वजनदार ठरलं असतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या अंगाशी आलं असतं. पेपर सुटणार, रणधीर तोंड फिरवणार, आणि अर्ध्या गावाला बावीस वर्षांनी खात्री पटणार की हा शेवटी त्यांचाच निघाला. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाजही वाटली.

शुक्रवारी दवाखान्यातल्या खोलीत हणमंतप्पा भिंतीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डाव्याची हालचाल नको म्हणून तोही बांधलेला. पन्नाशीचा, दाट मिशांचा, हात मांडीवर नीट ठेवलेले. स्टिअरिंग नसलं की या माणसांना हातांचं काय करावं ते सुचत नाही. बायको खाली चहाला गेली होती. शंभुलिंगनं दारातूनच कन्नडमध्ये सांगितलं, मी तुळजापूरचा, पेपरचा माणूस. हणमंतप्पाचा चेहरा त्या आवाजाकडे वळला आणि भाषेनं जरा सैल झाला. कुठले तुम्ही मूळचे? आई आळंदची, शंभुलिंग म्हणाला. मग बसा, तो म्हणाला, स्टूल असेल बघा तिथं. तो बोलायला मोकळा माणूस निघाला. परवा आमचे च्यानलवाले आले होते, तो सांगायला लागला. म्हणाले, कन्नड बोललो म्हणून मला मारलं असं सांगा. मी म्हणालो, मला डबा लागला. ते म्हणाले, तेवढ्यानं बातमी होत नाही. मग बायकोला म्हणाले, जरा रडा. ती आदल्या दिवसापासून रडून दमली होती, तिला काही येईना. हे सांगताना तो हसला आणि हसताना डोळ्याला ताण बसला तसा चटकन थांबला. "अठ्ठावीस वर्षं या देवीला गाडी आणतोय," तो म्हणाला. "अपघात नाही, तक्रार नाही. आता म्हणतात, तू शिवी दिलीस. मला तर मराठीत शिवी धड येतही नाही."

शंभुलिंगनं कागद काढला. साहेबांनी सांगितलेला प्रश्न त्याच्या जिभेवर आलाच नाही. त्यानं तिथंच, मांडीवर पिशवी ठेवून, मराठीत लिहायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासानं हणमंतप्पाला कन्नडमध्ये वाचून दाखवलं. मी शंभुलिंग बसवंतप्पा मठपती, वार्ताहर, मंगळवारी घटनास्थळी हजर होतो. कार्यकर्ते सात होते. चालकानं कुणालाही शिवी दिली नाही. तो एका वृद्ध प्रवासी बाईला, आजी, खाली बस, काच फुटेल, असं सांगत होता. मला कन्नड येते. ती माझ्या आईची भाषा आहे. हणमंतप्पा मान डोलवत ऐकत होता. मग शेवटचं वाक्य आलं. पहिल्यांदा ऑइल टाकून झाल्यावर कार्यकर्ते परत निघाले होते. एकदा परत मारा असं त्यांना मी सांगितलं.

खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. हणमंतप्पाचे हात मांडीवरून उचलले गेले आणि परत खाली आले.

"कशाला सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"फोटो आला नव्हता."

हणमंतप्पानं पट्टीची कड बोटानं चाचपली. मग म्हणाला, "मग आला?"

"आला."

हणमंतप्पानं मान हलवली, एखाद्या प्रवाशानं भलत्या गावचं तिकीट मागितल्यावर हलवावी तशी. शंभुलिंगला वाटलं, आता हा ओरडेल, निदान बाहेर हो म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. उठून गेलो असतो, आपल्याला शिक्षा झाली असं म्हणालो असतो. पण हणमंतप्पा विचार करत होता, ड्रायव्हर माणसं घाटाच्या आधी करतात तसा, शांतपणे आणि पुढचा.

"शेवटचं वाक्य काढा," तो म्हणाला.

"ते खरं आहे."

"असू दे की खरं. हा कागद डेपोत गेला की तिथून संध्याकाळपर्यंत आमच्या पेपरात जाणार. ते वरचं सगळं सोडून देतील. एवढंच छापतील, मराठी पत्रकारानं सांगून आमच्या माणसाचा डोळा फोडला. मग आमच्याकडची पोरं तुमच्या गाड्या अडवतील. मग तुमच्याकडची आमच्या. माझा मेहुणा बिराप्पा याच रूटवर असतो, येत्या मंगळवारी गाडी त्याच्याकडं आहे." तो थांबला. "मला नोकरी पाहिजे. तेवढंच द्या."

शंभुलिंगला कागदावरची अक्षरं दिसेनात. डेस्कनं त्याची शेकडो वाक्यं कापली होती, आणि दर वेळी तो घरी येऊन बायकोपाशी कुरकुरला होता. त्याला वाटलं होतं, खरं एकदा लिहून टाकलं की आपण सुटू; फार तर सगळं गमवावं लागेल, पण सुटू. आता या माणसाला ते खरं परवडत नव्हतं. हणमंतप्पाचं माप मोठं होतं. त्यात मेहुणा होता, मंगळवारची गाडी होती, तिच्यातल्या आज्या होत्या. शंभुलिंगनं पेनानं ती ओळ खोडली, मग खोडलेलं वाचता येतंय असं दिसल्यावर नवा कागद घेतला आणि ती ओळ सोडून बाकी सगळं पुन्हा लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, तारीख टाकली, आणि कागद हणमंतप्पाच्या हातात दिला. त्यानं तो चाचपून घडी केली आणि उशीखाली सारला.

"सोमवारी पट्टी सोडणार आहेत," हणमंतप्पा म्हणाला. "डावा शाबूत आहे म्हणतात. उजव्याचं तेव्हा कळेल. तुम्ही या त्या दिवशी."

"मी?"

"माझ्यापाशी बोलला तो माणूस कसा दिसतो ते मला बघायचंय."

शनिवारी निखतचा फोन आला. कागद डेपोत गेला होता आणि त्याची बातमी साहेबांपर्यंत पोचली होती. "तुळजापूरला दुसरा माणूस बघतेत, अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचं नाव कुणी घेईना झालंय इथं. पण मला बरं वाटलं बघा." रविवारी रणधीर चौकात समोरून आला, थांबला, काहीतरी बोलावं म्हणून ओठ हलवले आणि मोटारसायकल वळवून गेला. घरी शंभुलिंगनं आईला सगळं सांगितलं, एकदा परत मारा म्हणालो तेही, कन्नडमधून, मोठ्यानं, खिडक्या उघड्या असताना. आई ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "सोमवारी लवकर निघ. डॉक्टर लोक थांबत नाहीत."

सोमवारी तो वेळेच्या पाऊण तास आधी पोचला. हणमंतप्पाची बायको त्याला ओळखत नव्हती. तिनं चहा विचारला आणि तो नको म्हणाला. डॉक्टर आले, नर्सनं पडदा थोडा ओढून घेतला, हणमंतप्पाला खुर्चीत सरळ बसवलं आणि डोक्यामागची गाठ सोडायला घेतली. शंभुलिंग दाराजवळ उभा होता, अंधुक जागी, कुणाच्या सहज नजरेत न येणारा. पट्टीचे वेढे एक एक करून उतरत होते. त्यानं स्टूल उचललं, खोलीच्या मध्यापर्यंत आणलं, हणमंतप्पाच्या अगदी समोर ठेवलं, आणि खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा बेतानं त्यावर बसला.